दिलगिरी नाही

४ जानेवारी

खुडबुडबाई,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडायचं आहे.

काल तुमच्या रेडिओ केंद्राचं पत्र आलं. माझी नवी रचना दोन मार्चला, रविवारी सकाळी दहाला, तुमच्या सभागृहातून थेट प्रसारित होणार हे तुला ठाऊकच आहे. चाळीस वादक, पस्तीस मिनिटं आणि सदुसष्ट वर्षांची मी, एवढं सगळं एका जागी जमायला सहा वर्षं लागली. आणि आता हे पत्र. तुझी करमणूक व्हावी म्हणून जसंच्या तसं उतरवते:

'विषय : आपल्या रचनेतील निःशब्द भागाबाबत. महोदया, आपल्या स्वरलिपीची तांत्रिक छाननी केली असता पृष्ठ क्रमांक बेचाळीसवर कोणतेही वाद्य कोणताही स्वर वाजवीत नसल्याचे आढळून आले आहे. सदर त्रुटी अनवधानाने राहिली असल्यास ती त्वरित भरून काढावी, ही विनंती.'

त्रुटी! अनवधानाने! म्हणजे लिहिता लिहिता मला बेचाळीसाव्या पानावर डुलकी लागली आणि त्रेचाळीसाव्यावर जाग आली, असं वाटलं की काय यांना? मी उत्तर पाठवलंय. पाकिटात एक कोरा कागद घातला, बाकी काही नाही.

तू त्या इमारतीत सव्वीस वर्षं यंत्रं सांभाळतेस. मला एवढंच सांग, हे तुमच्या साहेबांचं खूळ आहे की खरंच कुठल्या यंत्राची अडचण आहे? लहानपणी तू माझं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतंस आणि दोन स्क्रू उरवून परत बसवलं होतंस, तेव्हापासून यंत्रांच्या बाबतीत मी तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. घड्याळ अजून चालतं. दहा मिनिटं मागे आहे, पण चालतं.

पत्रानेच कळव. फोन घे म्हणून पुन्हा सांगू नकोस. त्याची घंटी बेसूर असते आणि दिवसभर डोक्यात राहते.

वहिनीला नमस्कार, तुला आशीर्वाद.

आत्या

९ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. तुझा कोरा कागद पोचला. आवक विभागाने त्याला क्रमांक दिला, तारखेचा शिक्का मारला, 'मजकूर अस्पष्ट' असा शेरा लिहिला आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी म्हणे तो उजेडात धरून बघितला.

आता अडचण. खरी आहे ती, खूळ नाही. नियंत्रण कक्षात माझ्या डाव्या हाताला एक राखाडी पेटी आहे, आम्ही तिला पहारेकरी म्हणतो. प्रसारणात आवाज बंद पडला की सहाव्या सेकंदाला त्याचा लाल दिवा लागतो, आणि आठव्या सेकंदाला तो आपलं आपण राखीव धून सुरू करतो. कुणाला विचारत नाही. वायर तुटली, टेप अडकली की निवेदक खुर्चीवरून पडला, त्याला काही घेणंदेणं नाही. शांतता म्हणजे बिघाड, एवढंच तो शिकलाय.

आणि ती राखीव धून कुठली, ते मी तुला काय सांगू! तीच ती चाळीस सेकंदांची बासरी, तू ऐन उमेदीत करून दिलेली. लोक तिला दिलगिरीची धून म्हणतात, कारण ती संपली की पाठोपाठ 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' येतं. तुला आवडो न आवडो, तुझी सगळ्यात जास्त ऐकली गेलेली रचना तीच आहे. म्हणजे गंमत बघ, तू गप्प बसायचं ठरवलंस की तुझंच संगीत येऊन तुझ्या शांततेवर बसणार.

पहारेकरी बंद करता येतो, त्याला किल्ली आहे. पण साहेबांची लेखी परवानगी लागते, आणि माझ्या सव्वीस वर्षांत ती कुणाला मिळालेली नाही. साहेबांच्या मते श्रोता चार सेकंद वाट बघतो आणि मग दुसरं केंद्र लावतो. तेव्हा माझं ऐक, तुझी शांतता पाच सेकंदांची कर. सहाच्या आत राहिलीस तर दिवासुद्धा लागणार नाही. आत्ता ती आहे तरी किती?

आई बरी आहे. गुडघे, साखर आणि शेजारीण, तिन्हींबद्दल तक्रार आहे.

तुझी,
खुडबुड

१३ जानेवारी

खुडबुडे,

अकरा. दहा नाही आणि बारा नाही. पाच करायला ती काही साखर नव्हे, की चमचा कमी घातला तरी चालेल.

धून माझीच आहे हे मला कुणी सांगायला नको. एकेचाळीस वर्षं मी ती विसरायला बघतेय. परवा भाजीवाल्याचा रेडिओ अडखळला आणि ती सुरू झाली, तर मी पिशवी तिथेच ठेवून घरी आले. ती पिशवी त्याने संध्याकाळी आणून दिली, वर 'तब्येत बरी आहे ना?' म्हणून चौकशी केली.

तालमी चालू आहेत. वादकांना सगळं जमतंय, फक्त गप्प बसणं जमत नाही. क्लॅरिनेटवाल्याला नेमका तेव्हाच खोकला येतो. चेलोवाल्या बाईंनी विचारलं, 'या वेळात हातांचं काय करायचं?' म्हटलं, काही करू नका. त्या म्हणाल्या, 'ते कसं करतात?' चाळीस वर्षांचा रियाज असलेली बाई! काल पहिल्यांदा सगळे अकरा सेकंद श्वास धरून बसले आणि माझ्या अंगावर काटा आला.

अकराच का, ते विचारू नकोस. तुला सांगायचं नाही असं नाही. सांगता येत नाही. तू फक्त परवानगीचा अर्ज कर, साहेबांशी भांडायला मी आहे.

सभागृहातल्या तीनशे माणसांना शांतता मिळेलच, मग रेडिओचा हट्ट कशाला, असं म्हणशील. तर मला ती रेडिओवरच हवी आहे. सभागृहात नसली तरी एक वेळ चालेल.

आत्या

१७ जानेवारी

आत्या,

अकरा हा आकडा लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. मी सात वर्षांची होते. सकाळी सातच्या बातम्या बाबा वाचायचे आणि आई मला वेणी घालता घालता ऐकायची. त्या दिवशी बाबा मध्येच थांबले. आईच्या हातात माझी वेणी अर्धी होती आणि रेडिओतून काहीच येत नव्हतं. मग तुझी धून लागली. मग दुसरा कुणीतरी दिलगीर झाला आणि बातम्या पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट होती, 'निवेदकाची बोबडी वळली, अकरा सेकंदांचा गोंधळ.' शाळेत पोरं माझ्यासमोर तोंड उघडं टाकून उभी राहायची आणि बाकीची अकरापर्यंत मोजायची. दोन वर्षं चाललं ते.

बाबांना तळघरातल्या ध्वनिसंग्रहात पाठवलं. निवृत्त होईपर्यंत ते टेपच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले. त्या दिवसाबद्दल मी एकदाच विचारलं, तर म्हणाले, 'घसा बसला होता गं.' घसा बसला की माणूस खाकरतो तरी. त्यांनी खाकरलंही नव्हतं. इतका चांगला आवाज आणि ऐन वेळी घाबरून गप्प, हे मला कधीच पचलं नाही. मी काचेमागची नोकरी का घेतली, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला माइकची भीती वाटते, म्हणून घेतली.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आता तू त्यांच्या फजितीला चाळीस वादक लावणार, तिकिटं छापणार आणि त्यांच्याच केंद्रावरून ती देशभर वाजवणार. वर अर्ज मी करायचा.

अर्ज मी करणार नाही. पहारेकरी चालू राहील आणि आठव्या सेकंदाला आपलं काम करील.

तुझी भाची

६ फेब्रुवारी

बाळे,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही म्हणून रुसले असं समजू नकोस. मी तुझ्या आईला लिहिलं होतं आणि तिच्या उत्तराची वाट बघत होते. एकेचाळीस वर्षांपूर्वी तिने मला शपथ घातली होती, ती तिनेच सोडवायला हवी होती. काल तिचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ आहे, 'वन्सं, सांगून टाका.'

तर ऐक. तुझ्या बाबाची बोबडी वळली नव्हती.

त्या दिवशी तो नेहमीसारखा सहाला घरातून निघाला, चालत. वाटेवर कापडगिरणी होती. पहाटे तिला आग लागून गेली होती आणि फाटकातून अजून धूर येत होता. त्या गिरणीत एक रीत होती. कामावर जाताना प्रत्येकाने जेवणाचा डबा फाटकाजवळच्या फळीवर ठेवायचा आणि पाळी सुटली की ज्याचा त्याने उचलून घरी जायचं. दादा तिथे पोचला तेव्हा रात्रपाळी सुटून गेली होती, फाटक सताड उघडं होतं आणि फळीवर डबे तसेच होते. ते न्यायला कुणी येत नव्हतं.

केंद्रावर त्याच्या हातात बातमीपत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'गिरणीला लागलेली आग तासाभरात आटोक्यात आणण्यात आली. आगीत जीवितहानी झालेली नाही.' तो संपादकांना म्हणाला, 'मी आत्ता तिथून आलोय.' संपादक म्हणाले, 'वरून आलंय. वाच.'

त्याने पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं नाही.

मी घरी पियानोवर होते. रेडिओ खिडकीत होता आणि मेट्रोनोम साठवर लावलेला होता, म्हणजे सेकंदाला एक ठोका. दादाचा आवाज थांबला आणि मेट्रोनोम चालू राहिला. अकरा ठोके झाले आणि माझी धून लागली.

आता जे लिहितेय ते मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. ती धून ऐकून मी खूश झाले. सव्वीस वर्षांची होते मी, रेडिओवर माझं संगीत लागलं होतं, आणि मी उठून आवाज मोठा केला. अर्ध्या तासाने दादा दारात उभा होता. काय झालं ते त्याने सांगितलं तेव्हा मला कळलं, की मी मोठा केला तो आवाज त्याचं तोंड दाबायला लावलेला होता. माझाच हात होता तो, असं मला तेव्हापासून वाटतंय. आजही वाटतं.

नंतर वरिष्ठांनी त्याला दोन वाटा दिल्या. एक, आपण मुद्दाम थांबलो असं म्हणायचं, मग नोकरी जाणार, सरकारी घर जाणार, आणि पुढचं सांगता येत नाही. दुसरी, नोंदवहीत तांत्रिक बिघाड लिहायचं, लोकांना हसायचं ते हसू द्यायचं आणि तळघरात जायचं. तुझी आई रडली, म्हणाली, पोरगी लहान आहे, हसू देत. तो तळघरात गेला. कधीतरी तुझ्या तोंडून हे बाहेर पडेल म्हणून तुलाही सांगायचं नाही, असं ठरलं. तू मोठी झालीस आणि त्याच केंद्रात लागलीस, मग तर वहिनीच्या तोंडाला कुलूपच लागलं.

तो घाबरला म्हणून गप्प बसला, असं तुला वाटत आलं. तो गप्प बसला म्हणून बाकीचे घाबरले होते. आणि मग त्याने हसणं सोसलं, ते तुझ्यासाठी.

अर्ज करायचा की नाही, ते तू ठरव.

आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझं पत्र मी आईसमोर वाचलं. ती भाजी निवडत होती. मी विचारलं, 'खरं आहे?' ती म्हणाली, 'त्यात खोटं काय असायचंय?' आणि निवडत राहिली. मला इतका राग आला की मी चप्पल घालून बाहेर पडले आणि तीन बस सोडून दिल्या. राग कुणाचा आला ते अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक माझाच. बापाची लाज वाटत इतकी वर्षं काढली मी.

आणि तरी मनात एक खुसपट राहिलंच. तू बहीण आहेस. तू म्हणणारच, की माझा भाऊ मुद्दाम थांबला. खरंच घाबरला असेल आणि नंतर तुझ्या दारात येऊन त्याला मोठेपणा दिला असेल तर? असं लिहिल्याबद्दल मार मला. पण मी यंत्रं दुरुस्त करणारी बाई, झाकण उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

म्हणून काल जेवणाच्या सुट्टीत तळघरात गेले. त्या वर्षाची नोंदवही सापडली. आमच्या नोंदवहीत अजूनही तेच रकाने आहेत, वेळ, खंड, कारण, सही. त्या तारखेला लिहिलंय, 'सात वाजून चार मिनिटे. खंड : ११ सेकंद. कारण : तांत्रिक बिघाड.' सही कुणाची ते लागत नाही.

मग मी तुझ्या धुनेची मूळ टेप शोधली. पहारेकऱ्याला त्याची स्वतःची प्रत आहे, त्यामुळे त्या डब्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. डब्यावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, 'राखीव धून. बासरी. (माझी बहीण.)' कंसातलं वाचून मला हसू आलं आणि मग डबा उघडला. टेपच्या खाली घडी घातलेला कागद होता. त्या दिवसाचं बातमीपत्र.

निवेदक बातम्या वाचण्याआधी कागदावर निळ्या पेन्सिलीने खुणा करतात, हे तुला माहीत असेल. छोटा थांबा असेल तिथे एक उभी रेघ, मोठा असेल तिथे दोन. बाबांच्या सगळ्या कागदांवर अशा रेघा असायच्या, घरी किराण्याच्या यादीवरसुद्धा. या कागदावर 'आटोक्यात आणण्यात आली' इथपर्यंत नेहमीसारख्या खुणा आहेत. पुढचं वाक्य, जीवितहानीचं, पूर्ण खोडलंय. आणि त्याच्या जागी ओळीने उभ्या रेघा आहेत. मी बोट ठेवून मोजल्या. अकरा. त्यानंतर हवामानाची बातमी, तिच्यावर पुन्हा नेहमीच्या खुणा.

आत्या, त्यांना अकरा सेकंदच थांबायचं होतं. थांबून पुढे हवामान वाचायचं होतं. ते ठरवून गप्प बसले आणि ठरवलं तेवढं पूर्ण गप्प बसले. तुझी धून त्यानंतर लागली. तू त्यांचं तोंड दाबलं नाहीस. तू पोचलीस तेव्हा त्यांचं बोलून झालं होतं.

कागद आणून आईला दाखवला. तिनेही बोट ठेवून रेघा मोजल्या. ती दोन ओळी लिहिते म्हणतेय, लिहू देते.

*वन्सं, त्यांनी मला मोजून सांगितलं होतं. फळीवर डबे अकरा होते. एका डब्याला लाल दोरी बांधलेली होती म्हणाले.*

अर्ज आज सकाळीच केलाय.

तुझी,
खुडबुड

१८ फेब्रुवारी

खुडबुडे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला घेतलं तर चष्मा ओला. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर कागदही ओला होईल.

तेव्हा पहारेकरी नव्हता, धून माणूस लावायचा, आणि एकेचाळीस वर्षं मला वाटत होतं, की अकरा म्हणजे त्या यंत्रावरच्या माणसाला ती लावायला लागलेला वेळ. आता कळलं, की तो आकडा दादाचा होता. आणि तो माणूस अकरापर्यंत थांबला कसा, कोण होता तो, हेही आता विचारावंसं वाटतं. तुमचा पहारेकरी आठव्यालाच धून लावतो. म्हणजे तीन डबे फळीवरच राहणार. ते मी होऊ देणार नाही.

तुझ्या अर्जावर साहेबांचं उत्तर मलाच आलं. परवानगी नाही. पण साहेब मनाने मोठे, त्यांनी तोडगा काढलाय. शांतता सुरू झाली की निवेदिका हळू आवाजात सांगणार, 'श्रोतेहो, संच बंद करू नका, आपण शांतता ऐकत आहात.' शांततेत बोलून सांगणार, की शांतता आहे! मी त्यांना भेटायला गेले. ते म्हणाले, 'बाई, जरा समजून घ्या, आमचं माध्यम बोलण्याचं आहे.' मी म्हटलं, 'खोटं न बोलण्याचंही आहे का, तेवढं सांगा.' त्यांनी पाणी मागवलं. माझ्यासाठी मागवलं आणि स्वतःच प्यायले.

निवेदिका मला बाहेर जिन्यात भेटली. तुझ्याहून लहान पोरगी. म्हणाली, 'मी ते वाक्य वाचणार नाही. मला ऐन वेळी सर्दी होईल.' म्हणजे साहेबांचा तोडगा निकालात निघाला.

रचनेला अजून नाव नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेच्या छपाईला काल दिलं, 'दिलगिरी नाही'. आता ते नाव तुमच्याच केंद्राला माइकवर मोठ्याने वाचावं लागेल.

पण तू यात पडू नकोस. पहारेकऱ्याने धून लावली तर मी व्यासपीठावरच वाद्यवृंद चालवायची काठी खाली ठेवीन, ती संपेपर्यंत उभी राहीन आणि बेचाळीसावं पान पुन्हा पहिल्यापासून घेईन. पुन्हा लावली तर पुन्हा घेईन. वादकांना सांगून ठेवलंय, डबे घेऊन या, उशीर होईल. तुझी नोकरी अजून दहा वर्षं आहे. दादाने सगळं सोसलं ते तुझ्यासाठी, ते वाया घालवू नकोस.

आत्या

९ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. तू म्हणालीस, पडू नकोस. बाबांच्या घरात वाढलेल्या मुलीला कसं सांगायचं ते तुला अजून कळलेलं नाही.

मी काचेमागून काय बघितलं, ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. दहा वाजून वीस मिनिटांनी मी पहारेकऱ्याची किल्ली फिरवली, काढली आणि माझ्या चहाच्या कपात टाकली. चहा अर्धा होता. स्वरलिपी माझ्यासमोर उघडी होती. मला ती वाचता येत नाही, पण बेचाळीसावं पान कुणालाही वाचता येईल.

मग तुझा हात वर गेला आणि सगळं थांबलं.

काटा माझ्यासमोर सरकत होता. तिसऱ्या सेकंदाला सभागृहात कुणाची तरी खुर्ची करकरली. पाचव्याला निवेदिकेने माझ्याकडे बघितलं आणि रुमाल नाकाला लावला. सहाव्याला दिवा लागला नाही. साहेब दारातून आत आले, पेटीकडे बघितलं, किल्लीच्या भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आठव्याला त्यांनी तोंड उघडलं. मी बोट ओठांवर ठेवलं. सव्वीस वर्षांत मी त्यांना कधी 'नाही' म्हटलेलं नाही, आणि आता म्हटलं तेही आवाज न करता. नऊ, दहा, अकरा. तुझा हात खाली आला आणि चेलोवाल्या बाई सुरू झाल्या. त्यांना हातांचं काय करायचं ते आता कळलंय.

घरी आई रेडिओसमोर बसली होती. ती म्हणते, या वेळी तिच्या हातात वेणी नव्हती म्हणून बोटांवर मोजलं.

फोन त्रेचाळीस आले. चाळीस जणांना वाटलं रेडिओ बिघडला. दोघांनी शिव्या दिल्या. एका बाईंनी विचारलं, 'तो मधला गप्प तुकडा पुन्हा लावाल का?'

दुपारी साहेबांनी बोलावलं. चिडलेले नव्हते, उलट फार गोड बोलले. म्हणाले, 'नोंदवहीत लिहून टाका, तांत्रिक बिघाड. विषय संपला. तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही.' त्यांना बिचाऱ्यांना माहीत नाही, की हेच वाक्य या इमारतीत आधी कुणाला तरी सांगितलं गेलंय. मी नोंदवही पुढे ओढली. वेळ, दहा वाजून एकवीस मिनिटे. खंड, ११ सेकंद. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुद्दाम.' आणि खाली सही केली, लागेल अशी.

तिथून तडक तळघरात गेले. एकेचाळीस वर्षांपूर्वीची नोंदवही काढली, 'तांत्रिक बिघाड'वर एक आडवी रेघ मारली, वर 'मुद्दाम' लिहिलं आणि तिथेही सही केली. निळ्या पेन्सिलीने.

परवा आदेश आला. मला नियंत्रण कक्षातून काढलंय आणि ध्वनिसंग्रहात पाठवलंय. आईचा चेहरा पडला. मी तिला सांगितलं, या वेळी रडायचं नाही. बाबांचं टेबल अजून तेच आहे. खणात पेन्सिलीचे तुकडे सापडले, चावलेले. आदेशात लिहिलंय, 'सर्व जुन्या नोंदवह्या आपल्या ताब्यात देण्यात येत आहेत.'

सगळ्या, आत्या. पहिल्या दिवसापासूनच्या. पहिल्या वर्षाची वही समोर घेतलीये आणि कारणाचा रकाना वाचायला लागलेय. पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.

तुझी,
खुडबुड